कंबर धरली म्हणून अंथरूण धरू नये

उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून आणायचे, ही महाराष्ट्रातल्या कित्येक गावांतली जुनी रीत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला की चमक उतरते, असा समज. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि पायाळू माणूस शोधूनही सापडत नाही. त्याच्या जागी दुसरे उपाय आले. सक्त विश्रांती, गादी काढून फळीवर किंवा जमिनीवर झोपणे, कमरेला पट्टा, आणि दुखणे जास्तच असेल तर इस्पितळात पायांना वजन लावून पडून राहणे. एक उपाय अडाणीपणाचा आणि दुसरा शास्त्राचा असे आपण धरून चालतो. पण दोघांची कीर्ती उभी आहे ती एकाच गोष्टीवर: अचानक धरलेली कंबर बहुतेकांची आपोआपच सुटते. ती सुटत असताना जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते. फरक एवढाच, की पायाळूचा पाय लागून माणसाचे नुकसान होत नाही आणि तो दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. तीन आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीबद्दल तसे म्हणता येत नाही.

कंबर आपोआप बरी होते हे नुसते आशावादी बोलणे नाही. नव्याने कंबर धरलेल्या रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ साली प्रसिद्ध झाले. शून्य ते शंभर या मापावर या रुग्णांचे दुखणे सुरुवातीला सरासरी ५२ होते. सहा आठवड्यांत ते २३ वर आले आणि वर्षाअखेरीस ६ वर. म्हणजे मोठी उतरण पहिल्या दीड महिन्यातच होते, आणि थोडेफार दुखणे मात्र बरेच दिवस रेंगाळते. ऑस्ट्रेलियात १,६५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या चाचणीत काहींना नियमित पॅरासिटामॉल दिले, काहींना दुखेल तेव्हा घ्या असे सांगितले आणि काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली. बरे व्हायला पहिल्या दोन गटांना १७ दिवस लागले, औषधाविना राहिलेल्यांना १६. आपण ज्या गोळीला हमखास दुवा दिला असता, तिने घड्याळाचा काटा जरासुद्धा पुढे सरकवला नव्हता. म्हणून घरी बरे होताना विचारायचा प्रश्न हा, की शरीर आपले काम करत असताना आपण त्याच्या आड किती येतो.

विश्रांतीचे माहात्म्य आले कुठून, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये जॉन हिल्टन या शल्यविशारदाने १८६० च्या सुमारास विश्रांती हाच शरीराचा मोठा वैद्य असल्याची मांडणी व्याख्यानांतून केली. पुढे लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमसने मोडलेली हाडे आणि क्षयाने पोखरलेले सांधे यांच्यासाठी दीर्घ, अखंड विश्रांतीचा आग्रह धरला. प्रतिजैविके नसलेल्या काळात क्षयाच्या सांध्यापुढे दुसरा चांगला उपाय नव्हता, मोडलेल्या मांडीला तर स्थिर ठेवणे भागच होते. गफलत झाली ती हा नियम मोडलेल्या हाडावरून धरलेल्या कमरेवर नेताना. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली चकती फाटून नसेवर दाब येतो हे दाखवले, तेव्हापासून तर कंबरदुखी म्हणजे पाठीच्या कण्यात काहीतरी तुटलेले, आणि तुटलेले म्हणजे हलवायचे नाही, हे समीकरण पक्के झाले. पाठीला विश्रांती खरोखर मानवते का, याची चाचणी मात्र कितीतरी दशके कोणी घेतली नाही. जे उघडच वाटते ते तपासायचे कशाला?

तपासले तेव्हा निकाल अनपेक्षित निघाला. अमेरिकेत टेक्सासमधल्या २०३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन दिवस आणि निम्म्यांना सात दिवस झोपून राहायला सांगितले गेले. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडलेल्या या चाचणीत दोन्ही गटांचे दुखणे सारखेच उतरले, पण दोन दिवसवाल्यांची कामावरची गैरहजेरी ४५ टक्क्यांनी कमी भरली. पाच जादा दिवस झोपून मिळाले काय, तर पाच जादा दिवसांचे झोपणे. १९९५ साली हेलसिंकीत आणखी एक पाऊल पुढे टाकले गेले. शहराच्या सेवेतल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले: एकाला दोन दिवस झोप, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम, आणि तिसऱ्याला फक्त एवढेच सांगणे की जमेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. सर्वांत मागे राहिले झोपलेले. व्यायामवाले मधे, हेही ध्यानात घ्यावे, कारण कंबर धरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर बघून आसने सुरू करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. ताज्या दुखण्यात विशेष व्यायामापेक्षा साधे चालणे-फिरणेच सरस ठरले होते.

असे का व्हावे, याचे उत्तर स्नायूंत, चकतीत आणि मनात असे तीन ठिकाणी मिळते. स्नायू फार लवकर झिजतात. निरोगी वयस्क माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस गेले, असे २००७ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसले. आजारी नसताना ही गत. पाठीच्या मणक्यांना लागून असलेले खोलवरचे स्नायू तर दुखऱ्या बाजूला पहिल्या काही आठवड्यांतच बारीक होतात आणि दुखणे गेल्यावरही आपोआप पूर्ववत होत नाहीत. चकतीची गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. ती आडवे पडल्यावर पाणी शोषून फुगते, उभे राहिल्यावर दाबाने ते बाहेर जाते. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. याच कारणाने सकाळी उठल्याउठल्या कंबर जास्त ताठलेली असते आणि त्या वेळी खाली वाकणे चकतीला जड जाते. झोपून उठल्यावरच्या पहिल्या तासा-दोन तासांत वाकणे टाळले, तर जुनी कंबरदुखीही कमी होते असे आढळले आहे. दिवसभर पडून राहणारा माणूस ही सकाळच्या ताठरपणाची अवस्थाच लांबवत असतो, आणि मग ‘उठलो की दुखते’ हे आणखी झोपण्याचे कारण होऊन बसते.

मनाचा भाग सर्वांत दुर्लक्षित. ग्लासगोचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत हे ठामपणे मांडले, की जुनाट कंबरदुखीतले अपंगत्व दुखण्याच्या प्रमाणात नसते. दुखण्याच्या भीतीने माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने शरीर लुळावते, लुळावलेले शरीर थोड्या हालचालीनेही दुखते, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. भित्र्या माणसाचे ढोंग म्हणून ही गोष्ट झटकून टाकता येत नाही. दुखणे खरेच असते, पण त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. आणि हा अर्थ लावण्यात घरच्यांचा मोठा हात असतो. ‘वाकू नको’, ‘उचलू नको’, ‘डॉक्टरांनी सांगितलंय ना मणक्यात गॅप आहे’ अशी वाक्ये प्रेमानेच उच्चारली जातात, आणि एका धडधाकट माणसाला आपला कणा काचेचा आहे याची महिनाभरात खात्री पटवून देतात.

इथे पहिला आणि सर्वांत दमदार आक्षेप येतो. एमआरआयमध्ये चकती बाहेर आलेली स्पष्ट दिसते, मग हालचालीने ती आणखी बाहेर येणार नाही का? त्यासाठी आधी हे बघावे लागते, की कंबर न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये काय दिसते. १९९४ साली अशा ९८ जणांची तपासणी झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५२ टक्के, लोकांची किमान एक चकती फुगलेली होती आणि २७ टक्क्यांची चकती थेट बाहेर डोकावत होती. कंबर मात्र कोणाचीच दुखत नव्हती. नंतर ३,११० वेदनारहित माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. या खुणा बऱ्याच अंशी वयाच्या आहेत, केस पांढरे होण्यासारख्या. फरक इतकाच की पांढऱ्या केसांचा अहवाल कोणी लाल अक्षरांत छापून हातात देत नाही. शिवाय चकती जागेवरून घसरत नाही. तिच्या कडा वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेल्या असतात. तिच्यातला मऊ गर कधी कधी बाहेर येतो, आणि जितका जास्त बाहेर येतो तितका शरीराकडून तो गिळला जाण्याची शक्यताही जास्त असते. पूर्ण तुटून सुटा झालेला तुकडा बहुतांश रुग्णांत आपोआप आक्रसतो, नुसत्या फुगलेल्या चकतीत ते क्वचित घडते. अहवालातल्या सर्वांत भयंकर शब्दाचे भवितव्य असे कित्येकदा सर्वांत बरे असते. पहिल्या काही आठवड्यांत, धोक्याची लक्षणे नसताना, एमआरआयची घाई करू नये असे जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात ते पैसे वाचवायला नव्हे. चित्र बघून उपचार बदलत नाही, पण माणूस बदलतो.

दुसरा आक्षेप सायटिकाचा. कमरेपासून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत वीज गेल्यासारखी कळ येत असेल, तर झोपणे सोडून दुसरे काही सुचत नाही, आणि त्या माणसाला ‘हिंडा-फिरा’ म्हणणे निर्दयपणाचे वाटते. यात तथ्य आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर १९९९ साली झालेल्या चाचणीत दोन आठवडे अंथरुणात राहिलेले आणि नेहमीसारखे वावरलेले, दोघेही सारखेच सुधारले. म्हणजे सायटिकात चालण्याने जादू होत नाही. झोपल्यानेही होत नाही एवढेच सिद्ध झाले. साध्या कंबरदुखीतही हालचालीचा फायदा मोठा नाही, बेताचाच आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दोन मार्गांनी दुखणे जवळपास सारखेच जाणार असेल आणि त्यांतल्या एकात मांस, रोजगार आणि हिंमत जाणार असेल, तर निवड अवघड नाही. शस्त्रक्रियेचेही साधारण असेच आहे. २००७ सालच्या डच चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायाची कळ लवकर थांबली, पण वर्षभराने दोन्ही गट बरोबरीला आले होते. अर्थात थांबण्याच्या गटातल्या ३९ टक्के लोकांना अखेर शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. असह्य कळ महिनोन्महिने सोसण्यात शौर्य नाही.

तिसरा आक्षेप असा, की घरीच बरे होऊ म्हणता म्हणता एखादा गंभीर आजार निसटला तर? ऑस्ट्रेलियात कंबर धरली म्हणून पहिल्यांदाच डॉक्टरकडे आलेल्या १,१७२ रुग्णांत गंभीर कारण सापडले ते फक्त ११ जणांत, आणि त्यांतही ८ अस्थिभंग होते. प्रमाण एक टक्क्याहून कमी. तरी हे ऑस्ट्रेलियाचे आकडे आहेत. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे, आणि तो कंबरदुखीचाच वेष घेऊन येतो: संध्याकाळी बारीक ताप, उतरत जाणारे वजन, मेलेली भूक, आणि आठवड्यामागून आठवडे वाढतच जाणारे, झोपूनही न थांबणारे दुखणे. असे असेल तर शेक घेत बसू नये. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क बाईला साध्या धक्क्याने बसलेली कळ, पूर्वी कर्करोग झालेल्याची नवी पाठदुखी, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचे दुखणे, यांना डॉक्टरच हवा. आणि एका अवस्थेत तर सकाळपर्यंतही थांबायचे नसते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे ही लक्षणे म्हणजे मज्जारज्जूखालच्या नसांचा जुडगा चेपला गेल्याची खूण. तेव्हा रात्री दोन वाजतासुद्धा इस्पितळ गाठावे. लाजेने लघवीची तक्रार दडवणे इथे आयुष्यभराला महाग पडते.

हे सगळे नसेल तर घरी नेमके काय करावे? पहिले एक-दोन दिवस दुखणे फारच तीव्र असेल तेव्हा झोपायला हरकत नाही, पण ती सवलत समजावी, उपचार नव्हे. पाठीवर पडून गुडघ्यांखाली उशी किंवा लोड, अथवा कुशीवर पडून दोन गुडघ्यांमध्ये उशी, या स्थितीत बहुतेकांना उतार वाटतो. उठताना सरळ उठून बसण्याऐवजी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने उठावे. जागेपणी तासा-तासाला घरातल्या घरात पाच मिनिटे फिरावे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हे अंतर वाढवावे. चालताना थोडे दुखणे चालते. दुखणे कमरेतून पायात खाली उतरत असेल किंवा चालून आल्यावर रात्रभर चढे राहत असेल, तर डोस कमी करायचा. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक थोडा वेळ का होईना खरोखर बरे वाटायला लावतो. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग पॅरासिटामॉलपेक्षा बरा, पण मूत्रपिंड, रक्तदाब किंवा जठराचा त्रास असलेल्यांनी त्या औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. वजन लावणे, म्हणजे ट्रॅक्शन, याचा लक्षणीय फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. पट्ट्याचेही तेच, प्रवासापुरता तो बांधला तर बिघडत नाही, दिवसरात्र बांधून ठेवला तर मनाची सवय होते. राहिली फळी. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांच्या गाद्या बदलून पाहिल्या, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे जास्त उतरले. ‘जितके कडक तितके चांगले’ हा नियम तपश्चर्येला लागू असेल, पाठीला नाही.

लोकांची ही समजूत बदलता येते का? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून दूरचित्रवाणीवर मोहीम चालवली: कंबर दुखली तरी झोपून राहू नका, कामावर जा. नामवंत खेळाडूंनी, डॉक्टरांनी तेच सांगितले. सामान्य लोकांच्याच नव्हे तर डॉक्टरांच्याही कल्पना बदलल्या आणि कंबरदुखीच्या नुकसानभरपाईचे दावे कमी झाले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये, जिथे मोहीम नव्हती, तसे काही घडले नाही.

पण ‘कामावर जा’ हा सल्लाच सर्वांत अवघड आक्षेपाला वाट करून देतो. हेलसिंकीतले ते १८६ जण पगारी नोकर होते. आजारपणाची रजा घेऊ शकणारे, रोजचे व्यवहार ‘जमेल तेवढे’ करण्याची मुभा असलेले. बाजारसमितीत पाठीवर ५० किलोंची गोणी वाहणाऱ्याला, फडात मोळ्या उचलणाऱ्या ऊसतोड बाईला ‘नेहमीची कामे चालू ठेवा’ हा सल्ला जसाच्या तसा देणे म्हणजे पुराव्याचा गैरवापर आहे. त्यांची अडचण उलटी असते: दोन दिवसांची विश्रांतीसुद्धा परवडत नाही, आणि हलके काम मागितले तर कामच जाते. माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ सालीच कायदा केला, ऊसतोडीला तेवढेही संरक्षण तेव्हा मिळाले नाही. हालचाल हवी याचा अर्थ ओझे हवे असा नाही. त्यांना चालू द्यावे, वाकून उचलण्याचे काम काही आठवडे दुसऱ्याने घ्यावे, आणि ते मुकादमाने किंवा टोळीने मान्य करावे लागते. एकट्या रुग्णाच्या शहाणपणाने होत नाही.

घरच्या बाईचे तर घर हेच कामाचे ठिकाण. नवऱ्याची कंबर धरली की तो घरी येऊन आडवा होतो. तिची धरली की ती घरीच असते, आणि म्हणून काम सुटत नाही. तिच्यासाठी ‘घरी बरे होणे’ याचा अर्थ काय, हे कोणत्याही चाचणीपेक्षा घरातल्या बाकीच्या माणसांवर ठरते. ओट्यापाशी उभे राहून पोळ्या करणे तिला दुसऱ्या दिवशीही जमू शकेल, आणि एक पाय बुटक्या पाटावर ठेवून उभे राहिले तर आणखी सोपे जाईल. उकिडवे बसून कपडे घासणे, वाकून फरशी पुसणे, भरलेला हंडा कडेवर घेणे हे मात्र पहिल्या पंधरवड्यात दुसऱ्याने करायचे. फरशीला लांब दांड्याचे पुसणे आणावे. बादली अर्धीच भरावी आणि दोन खेपा कराव्यात. गॅसचा सिलिंडर मुलाने किंवा नवऱ्याने ओढावा, आणि रात्रीचे अंथरूण घालणे-काढणे हेही त्यांच्याकडेच राहू द्यावे, तिची कंबर सुटल्यावरसुद्धा.